पर्थहून मागवलेला श्वास

ऑस्ट्रेलियातल्या प्रेस्टनच्या वॉटल्डन स्ट्रीटवर त्या वर्षी अशी बातमी पसरली, की सतरा नंबरच्या मेरिन क्विल्टीने गॅरेजमध्ये गाय ठेवली आहे. सकाळी नऊच्या ठोक्याला ती हंबरते, साडेनवाला पुन्हा हंबरते आणि मधल्या वेळात बहुधा चरत असावी. टाळेबंदीचे दिवस. घराबाहेर पडायला दिवसाला एक तास, तोही पाच किलोमीटरच्या आत. तेवढ्या मुलखात बातमी मिळून मिळणार किती? जी हाती लागेल ती माणसं चावून चावून खात होती. चोवीस नंबरचा लायल, जन्मभर जमिनी मोजलेला आणि आता निवृत्त, त्याने तर गाय गाभण असल्याचंही सांगून टाकलं. आवाजावरून कळतं म्हणाला.

त्याच्याच तक्रारीवरून नगरपालिकेचा माणूस आला. तोंडाला मास्क, हातात वही, आणि दारापासून दोन पावलं मागे.

"बाई, तुमच्याकडे मोठं जनावर आहे अशी तक्रार आहे."

"आहे ना," मेरिन म्हणाली. "ट्रॅम चालवतं. तीनला घरी येतं."

मग तिने त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि जिलबीसारखा वेटोळलेला आपला पितळी फ्रेंच हॉर्न मांडीवर घेऊन एक खालचा सूर लांबवला. शेल्फावरचे रंगाचे डबे थरथरले. माणसाने वहीत लिहिलं, 'जनावर नाही. वाद्य आहे.' थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'तक्रारदाराची चूक समजण्यासारखी.'

तर गाय नव्हती. शहराच्या ऑर्केस्ट्रात सव्वीस वर्षं वाजवणारी दुसरी हॉर्नवादक होती, वय चोपन्न, आणि मार्चपासून घरी बसवलेली.

'दुसरी' हा शब्द इथे महत्त्वाचा. ऑर्केस्ट्रात चार हॉर्न ओळीने बसतात. वरचे, लोकांच्या लक्षात राहणारे सूर पहिल्याचे. दुसऱ्याने त्याच्याखाली जमीन धरायची. दुसरा कधी आधी सुरू होत नाही. पहिला श्वास घेतो, त्याच्या श्वासाबरोबर दुसरा घेतो, आणि दोघे मिळून असे उठतात, की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. मेरिन यात इतकी मुरलेली, की बाकीचे वादक म्हणत, आन्सेलला शिंक आली तर आधी मेरिन रुमाल काढते.

आन्सेल विंटरबर्न म्हणजे पहिला हॉर्न. उंच, देखणा, स्वतःवर खूश. मार्चमध्ये आईला भेटायला पर्थला गेला, मागून पश्चिम ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली, आणि तो आईच्या हातचं खात तिकडेच अडकला.

इकडे मेरिनला घर खायला उठलं. रोज वाजवायची सवय असलेल्या माणसाला कोंडलं की तो काय काय करतो, हे तिचा नवरा रॉस नीट सांगू शकेल. आधी त्याच्या नव्याकोऱ्या बागेच्या पाइपाचे चार मीटर कापले गेले. एका टोकाला हॉर्नची तोटी, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातलं नरसाळं, आणि मेरिन बाई अंगणात पाइप डोक्याभोवती फिरवत शिकारीची धून वाजवतायत.

"अगं, हॉर्न आहे ना तुझ्याकडे?" रॉस कळवळला. "लाखमोलाचा आहे. मग माझा पाइप का?"

"हॉर्न उलगडला तर एवढाच लांब होतो. मला बघायचं होतं."

"बघितलंस?"

"हो. पाइपाचा आवाज जास्त चांगला आहे. कुणाला सांगू नकोस."

मग किटलीबरोबर जुगलबंदी झाली. किटली शिटी मारायला लागली की हिने खालून सूर धरायचा. एकदा सूर इतका सुरेख लागला, की किटलीतलं पाणी आटून बूड जळालं तरी हिला भान नव्हतं. मग कपाटात कोटांच्या मध्ये बसून वाजवणं, न्हाणीघरात उभं राहून वाजवणं, कपडे धुण्याच्या यंत्राच्या घरघरीवर वाजवणं. प्रत्येकाची चित्रफीत गल्लीच्या व्हॉट्सॲपवर. लायल एकाखालीही काही लिहीत नसे, पण पहिला बघणारा तोच असे.

कुंपणापलीकडे एकोणीस नंबरला फोतिनी. तिला सगळी गल्ली मानाने कीरिया म्हणते. नुसतं फोतिनी म्हणायची हिंमत तिच्या नवऱ्यात होती, तो गेला. पन्नास वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या कुठल्या डोंगरातून आलेली, घरापुढे लिंबं, मागे टोमॅटो, आणि आवाज असा की तिने फोन केला तर फोनची गरज नसावी. मेरिनच्या रियाजाचे तास तिला पाठ होते. कधी लांबड लागली तर कुंपणावर फावडं आपटून ओरडायची, "पोरी, पुरे! दूध नासेल माझं!" आणि मग रॉसच्या मासे धरायच्या गळाला बांधलेल्या टोपलीतून, दीड मीटरचं अंतर राखून, पालकाचे पॅटिस पाठवायची. टोपली परत जाताना रिकामी गेली तर दुसऱ्या दिवशी फावडं जरा जोरात आपटायचं, म्हणून मेरिन त्यात काही ना काही ठेवायचीच.

ऑगस्टमध्ये मेरिनने सगळ्यात मोठा बेत काढला. चार हॉर्नांची एक जुनी शिकारीची रचना. चारही हॉर्न तीच वाजवणार, वेगवेगळे ध्वनिमुद्रित करणार, आणि पडद्यावर चार चौकटींत चार मेरिन दिसणार. पहिल्या हॉर्नला तिने रॉसचा लग्नातला सूट घातला आणि भुवईच्या पेन्सिलीने मिशी काढली. तिसरीला बागकामाची टोपी, चौथीला फुटबॉलच्या संघाचा मफलर. दुसरीला काहीच नाही. दुसरी म्हणजे ती स्वतः, साध्या स्वेटरमध्ये.

अर्थात तिने दुसरा हॉर्न आधी मुद्रित केला. सवयच तशी. आणि मुद्रित करताना, कुणी नसतानाही, प्रत्येक ओळीच्या आधी पहिल्याच्या श्वासासाठी एवढीशी जागा सोडली. मग मिशी लावून पहिला हॉर्न वाजवायला बसली. कानात दुसरा हॉर्न ऐकू येतोय, तो थांबलाय, वाट बघतोय. हीसुद्धा थांबली. थोड्या वेळाने दोघी निघाल्या. तिसरी त्या दोघींची वाट बघत आली, चौथी तिघींची. अशा चार सभ्य बायका प्रत्येक ओळीपाशी दार अडवून 'आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही' करत चालल्या होत्या. साडेचार मिनिटांची रचना सव्वासात मिनिटांत संपली.

रॉसने ट्रॅमच्या गणवेशातच उभ्या उभ्या ऐकली. आठ तास रिकामी ट्रॅम चालवून आला होता.

"छान आहे," तो म्हणाला. "कुणाची शिकार आहे? गोगलगायीची?"

कुंपणापलीकडून फोतिनीने विचारलं, "मेलंय कोण?"

तरी मेरिनने ती चित्रफीत ऑर्केस्ट्राच्या घरगुती कार्यक्रमात पाठवली, मिशीला लोक हसले, आणि ते तिथेच संपलं असतं. पण सप्टेंबरच्या अखेरीला क्लॉडेट व्हॅन लँगनबर्गचा फोन आला. क्लॉडेट म्हणजे ऑर्केस्ट्राची व्यवस्थापक, मूळची कोलंबोची, बोलताना एकही शब्द वाया न घालवणारी.

"नोव्हेंबरमध्ये रिकाम्या हॉलमधून थेट प्रक्षेपण आहे. आन्सेलला येता येत नाही. बाहेरून कुणाला आणता येत नाही. पहिल्या हॉर्नला तू बसशील का?"

मेरिनने खुर्ची ओढली आणि बसली. तिथे तरी बसता आलं.

"पण ऐक," क्लॉडेट पुढे म्हणाली. "रचना हॉर्नने सुरू होते. आठ सूर, एकट्याचे. ताल नाही, ठेका नाही. समोर काठी घेऊन उभा असलेला संचालक फक्त मान हलवणार, तुला वाटेल तेव्हा सुरू कर. सगळा ऑर्केस्ट्रा त्या आठ सुरांनंतर श्वास घेणार. आणि तुझी ती चित्रफीत मी पाहिली. त्यात चार मेरिन आहेत आणि एकीलाही सुरुवात करायची नाहीये. मला रविवार संध्याकाळपर्यंत ते आठ सूर पाठव. नाही जमलं तर मी नुसत्या व्हायोलिनवाल्यांची रचना घेते, तुम्ही सगळे हॉर्न घरी. तुला राग नाही ना आला?"

"नाही," मेरिन म्हणाली. राग कशाचा? खरं तर हे तिला अठ्ठावीस वर्षांपासून माहीत होतं. तरुणपणी एकदा दुसऱ्या एका ऑर्केस्ट्रात पहिल्या हॉर्नच्या जागेसाठी परीक्षेला गेली होती. पडद्यामागे बसलेले परीक्षक म्हणाले, तुमची तयारी झाली की करा सुरू. तिची तयारी झालेलीच होती. तरी ती ओठ तोटीला लावून बसून राहिली. इतका वेळ, की परीक्षकांपैकी एकाने पडद्याआडून विचारलं, आत कुणी आहे का? ती गोष्ट तिने रॉसलाही सांगितली नव्हती. या वयात पहिल्या खुर्चीची संधी पुन्हा येणार नव्हती, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

सोमवारी ती गॅरेजमध्ये बसली. पाठीमागे गादी उभी केली, समोर फोन लावला, ओठ ठेवले. आणि वाट बघू लागली. मंगळवारी तेच. बुधवारी फोतिनीने कुंपणावर फावडं आपटलं.

"पोरी, आज आवाज का नाही? आजारी आहेस?"

"वाजवतेय, कीरिया."

"मग मी बहिरी झाले म्हणायची!"

बुधवारी दुपारी मेरिनला उमगलं की आपलं नेमकं कुठे अडतंय. आन्सेलचं नाक. श्वास घेताना त्याची डावी नाकपुडी बारीक वाजते, सुंईं अशी. सव्वीस वर्षं ती त्या सुंईंवर उठली होती. तिने पर्थला फोन लावला.

"आन्सेल, मदत हवी होती."

"कुठला सूर अडतोय?" आन्सेल मायेने म्हणाला. अडलेल्यांना मदत करायला त्याला आवडायचं.

"सूर नाही. तुझं नाक."

"माझ्या नाकाचं काय?"

"सुरू करायच्या आधी ते वाजतं."

"वाजत नाही."

"सव्वीस वर्षं वाजतंय. तिसरा आणि चौथासुद्धा त्याच्यावरच येतात."

"आणि हे मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे गेला असतास. मग आम्ही काय केलं असतं?"

तो दुखावला. पण आपल्या नाकाशिवाय ऑर्केस्ट्रा सुरू होत नाही, हे ऐकून आतून सुखावलाही असावा, कारण संध्याकाळपर्यंत त्याने अकरा श्वास मुद्रित करून पाठवले. प्रत्येकाला नाव दिलेलं. 'संथ', 'गंभीर', 'पहाटेचा', 'भव्य'. रॉस जेवताना ते सगळे ओळीने ऐकत होता.

"हा 'पहाटेचा' म्हणजे सर्दी झाल्यावर घेतलाय," तो म्हणाला.

मेरिनने 'भव्य' निवडला. कानात लावला, सुंईं झालं, आणि आठ सूर असे निघाले की गॅरेजच्या पत्र्यावरचं कबूतरसुद्धा उडून न जाता बसून राहिलं. तिने आनंदाने गुरुवारीच पाठवून दिले, आणि पाठवताना नाकाचा आवाज काढून टाकायला विसरली. विसरली असं तरी कसं म्हणावं? तिच्या कानाला तो आवाज म्हणजे रचनेचाच भाग होता.

क्लॉडेटचा फोन अर्ध्या तासात आला. "सूर उत्तम आहेत. सुरुवातीला ते कुत्रं कुणाचं?"

"कुत्रं नाही. आन्सेल आहे."

"आन्सेल पर्थला आहे."

"त्याचं नाक मागवलं."

"मेरिन, थेट प्रक्षेपणात मी पहिल्या खुर्चीवर त्याचं नाक ठेवणार का? रविवार. नाकाशिवाय."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. शनिवारी संध्याकाळी तिने क्लॉडेटला लिहिलेला नकार फोनमध्ये तयार होता, फक्त पाठवायचा होता. तेवढ्यात कुंपणावरून टोपली आली. पॅटिसबिटिस काही नव्हतं, नुसती चिठ्ठी. उद्या पाच वाजता माझा ऐंशीवा वाढदिवस. पोरगा वेरिबीला, पाच किलोमीटरच्या पलीकडे, येऊ शकत नाही. केक कापायला कुणी नाही. तेव्हा तुझी गाय तरी हंबरली पाहिजे. खाली मोठ्या अक्षरात, 'तुझ्याच ओसरीवर. सगळ्यांना सांगितलंय.'

नाही म्हणण्याची सोय फोतिनीने ठेवली नव्हती. रविवारी पाचला गल्लीतला प्रत्येक जण आपापल्या फाटकात खुर्ची टाकून बसला. लायलने तर टाय लावला होता. फोतिनी काळ्या रेशमी पोशाखात, मांडीवर फावडं घेऊन. वसंत असल्याने लायलच्या झाडावरच्या मॅगपायने घरटं केलं होतं आणि तो काळा-पांढरा पक्षी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेत होता. म्हणून रॉस सायकलचं हेल्मेट घालून उभा राहिला, त्यावर पक्ष्याला भिववायला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे काटे उभे केलेले. अशा साळिंदराच्या अवतारात तो फोन धरून चित्रण करू लागला.

मेरिनने ओठ ठेवले. तेच आठ सूर वाजवायचे, दुसरं काही डोक्यात नव्हतंच. ती वाट बघू लागली. गल्लीही वाट बघू लागली. लायलने घड्याळ बघितलं. मेरिनला पडद्यामागची ती खोली आठवली, आणि आता कुणीतरी विचारणार, आत कुणी आहे का.

"अगं पोरी," फोतिनी गरजली, "कुणाची वाट बघतेस?"

"पहिल्या हॉर्नची," मेरिनच्या तोंडून निघून गेलं.

"कुठाय तो?"

"पर्थला!"

"पर्थला? मी आज ऐंशीची झाले! तो येईपर्यंत मी इथे बसते की काय? तू कोण आहेस मग, ओसरीची खुर्ची?"

मेरिनला राग आला. खराखुरा. सव्वीस वर्षांत आला नव्हता एवढा. या म्हातारीला चांगलं खणखणीत उत्तर द्यावं म्हणून तिने पोटभर श्वास घेतला, आणि श्वास घेताना तिच्या लक्षात आलं की तोंडाला हॉर्न लागलेलाच आहे. उत्तर त्यातून गेलं. आठ सूर, एकापाठोपाठ एक, वॉटल्डन स्ट्रीटच्या या टोकापासून ट्रॅमच्या रुळांपर्यंत. पाचव्या सुराला मॅगपाय झेपावला, रॉस "अरे!" म्हणून खाली बसला, सूर थोडा फुटला. ती थांबली नाही. आठवा सूर संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही, कारण फोतिनी रडत होती आणि ती रडत असताना टाळी वाजवायची कुणाची छाती नव्हती.

"पुन्हा," फोतिनीने नाक पुसत हुकूम केला. "या वेळी मी ओरडणार नाही."

ती ओरडली नाही. मेरिनने स्वतःहून सुरू केलं. लायलने तिसऱ्यांदाही मागितलं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं.

रॉसने पहिलीच चित्रफीत क्लॉडेटला पाठवून दिली, मेरिनला न विचारता.

"पाचवा सूर फुटलाय," क्लॉडेट फोनवर म्हणाली.

"हो."

"एक बाई ओरडतेय. एक साळिंदर पडतंय."

"हो."

"नाक कुठे आहे?"

"पर्थलाच."

"चार नोव्हेंबरला दहा वाजता तालमीला ये."

तालमीत एक घोळ झालाच. मेरिनने आठ सूर वाजवले, ऑर्केस्ट्रा आला, पण बाकीचे दोन हॉर्न आलेच नाहीत. दोघेही ओठ ठेवून, कान टवकारून बसलेले. सुंईं कधी होते याची वाट बघत. संचालकाने काठी खाली ठेवली. मेरिन वळून दोघांना म्हणाली, "नाक येणार नाहीये. माझ्याकडे बघा." आणि त्यांनी बघितलं. प्रक्षेपणाच्या दिवशी वॉटल्डन स्ट्रीटवर एकवीस घरांत टीव्ही एकाच वेळी चालू होते, आणि आठवा सूर संपल्यावर एकोणीस नंबरमधून फावडं आपटल्याचा आवाज आला, तो म्हणे आनंदाचा होता.

डिसेंबरात सीमा उघडली आणि आन्सेलचा फोन आला. प्रक्षेपण त्याने आईबरोबर दोनदा ऐकलं होतं. सुरुवात वाईट नव्हती, म्हणाला. पुढच्या आठवड्यात मी माझ्या खुर्चीत, तू तुझ्या. पण एक गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. त्याच्या नाकाशिवाय ते तिघे एकत्र उठले कसे?

मेरिन म्हणाली, "आन्सेल, तू ये, तुझी खुर्ची पुसून ठेवलीय. पण ते नाक आता डॉक्टरला दाखव. आमचं त्याच्यावाचून काही अडत नाही."